वरची ओळ माझी, खालची न्यायमूर्तींची

छत्तीस वर्षं मी फोर्टातल्या एका लॉ रिपोर्टच्या कचेरीत होते. लॉ रिपोर्ट म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणारं नियतकालिक; वकील त्याला नुसतं 'जर्नल' म्हणतात. १९८१ साली प्रुफं वाचायला लागले, २०१७ साली संपादन विभागातून निवृत्त झाले. मी वकील नाही. गिरगावातून चालत हुतात्मा चौकापर्यंत जायचं, दुसऱ्यांच्या भांडणांचे निकाल वाचायचे आणि चाळीस पानांची मोळी दहा ओळींत बांधायची, एवढंच माझं काम. मागच्या अंकात संपादकांनी माझी ही ओळख छापली आणि पत्रं येऊ लागली. त्यातली काही आज घेते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गळतीवरून वाद चालू आहे. समोरच्या वकिलांनी हायकोर्टाच्या एका निकालाची झेरॉक्स दाखवली. पहिल्याच पानावर जाड अक्षरांत चार ओळी होत्या आणि त्या सरळ आमच्या विरोधात जात होत्या. 'हायकोर्टच म्हणतंय, आता काय उरलं?' असं ते म्हणाले. ताई, खरंच काही उरलं नाही का? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : तुमच्या गळतीबद्दल मी बोलणार नाही, ते तुमच्या वकिलांचं काम. पण त्या चार जाड ओळींबद्दल मात्र बोलते, कारण तसल्या हजारो ओळी मी लिहिल्यात.

त्यांना हेडनोट म्हणतात. त्या हायकोर्टाच्या नसतात. न्यायमूर्तींनी निकाल दिला, त्याची प्रत आमच्याकडे आली, ती कुणीतरी टेबलावर घेऊन बसलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि निकालाचं सार स्वतःच्या शब्दांत वर लिहिलं. ते 'कुणीतरी' म्हणजे मी, किंवा शेजारच्या टेबलावरचे एलएल.बी. झालेले आणि सनद घेऊनही कोर्टात न रमलेले एखादे गृहस्थ. आधी कायद्याचं नाव, मग कलम, मग तुटक शब्दांची एक ओळ, आणि मग 'हेल्ड', म्हणजे 'न्यायालयाने ठरवलं', असं म्हणून सार. वकिलाने वीस सेकंदांत ठरवावं की हा निकाल आपल्या कामाचा आहे की नाही, यासाठी ही सोय. रस्त्यावरची पाटी म्हणा. 'पुणे १२०' असं पाटीवर लिहिलंय म्हणून पाटीशीच कुणी मुक्काम करत नाही.

पाटी चुकू शकते. माझी चुकली होती. १९८७ ची गोष्ट. जुन्या भाडे कायद्याखालचा, म्हणजे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखालचा एक निकाल होता. त्या परिस्थितीत घरमालकाला जागेचा ताबा मागता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं होतं. मी हेडनोट हाताने लिहिली आणि छापून आलं, 'लँडलॉर्ड इज नाऊ एन्टायटल्ड', म्हणजे घरमालकाला आता हक्क आहे. नॉटचा नाऊ झाला. माझा 'टी' घाईत लिहिला की 'डब्ल्यू'सारखा दिसायचा. छापखान्यातल्या जुळाऱ्याने त्याला दिसलं ते जुळवलं. प्रूफ तपासताना आमच्यात दोघं बसायचे, एक मूळ कागदावरून मोठ्याने वाचणार, दुसरा प्रुफावर बोट फिरवणार. वाचणाऱ्यालाही 'नाऊ'च दिसला आणि प्रुफावरही 'नाऊ'च होता. दोन्हीकडे तेच असल्यावर चूक पकडणार कोण? खाली निकालाच्या मजकुरात मात्र 'नॉट' नीट छापलेलं होतं. त्याच अंकात, चार पानं पुढे.

अंक टपालाने गेला आणि पंधरा दिवसांनी अलिबागच्या एका वकिलांचं पोस्टकार्ड आलं. राग नव्हता त्यात. 'आपल्या नियतकालिकाने माझ्या अशिलाला बेघर केले आहे, कृपया परत घरात घ्यावे,' एवढंच लिहिलं होतं. पुढच्या अंकात शुद्धिपत्राची चिटोरी घातली. पण चिटोरी बांधणीत टिकत नाही. वर्षाअखेर अंक बांधून खंड होतात, बाइंडर चिटोऱ्या काढून टाकतो. बारा वर्षांनी एका ग्रंथालयात तो खंड हाती आला तेव्हा मी आजूबाजूला पाहून पेन्सिलीने 'डब्ल्यू'वर काट मारली. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये, मला माहीत आहे.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १८८६ साली सांता क्लारा परगणा आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. वाद सुरू होण्याआधी सरन्यायाधीश तोंडी काही बोलले, ते न्यायालयाचे वृत्तलेखक बँक्रॉफ्ट डेव्हिस यांनी हेडनोटमध्ये घातलं. कंपन्यांनाही माणसांसारखंच घटनेचं समान संरक्षण आहे, असा त्याचा अर्थ. खुद्द निकालपत्रात न्यायालयाने तो मुद्दा ठरवलाच नव्हता. तरी पुढे कित्येक वर्षं तो खटला त्याच मुद्द्यासाठी दाखवला गेला. १९०६ मध्ये त्याच न्यायालयाला एका निकालात सांगावं लागलं की हेडनोट हे न्यायालयाचं काम नाही.

म्हणून तुम्ही असं करा. ती झेरॉक्स पूर्ण मागून घ्या, फक्त पहिलं पान नको. हेडनोटच्या शेवटी कंसात परिच्छेदांचे आकडे असतात, तो परिच्छेद उघडा. तिथे न्यायमूर्ती खरोखर तसं म्हणाले आहेत का, की त्या खटल्यातल्या एखाद्या वकिलाचा युक्तिवाद नोंदवताना ते वाक्य आलंय? ही गफलत मी सगळ्यात जास्त पाहिली. 'असे प्रतिपादन करण्यात आले की' ही सुरुवात मागच्या पानावर राहते आणि पुढचं वाक्य कुणीतरी न्यायमूर्तींच्या तोंडी घालतो. मग पाहा, त्या प्रकरणातली गळती वरच्या फ्लॅटच्या मोरीतून होती की गच्चीतून. वस्तुस्थिती वेगळी असेल तर तुमचे वकील 'हा निकाल इथे लागू नाही' असं सांगू शकतात. शेवटी, एक न्यायमूर्ती होते की दोघांचं खंडपीठ, आणि पुढे अपिलात तो निकाल टिकला का, हेही बघायला सांगा. सुप्रीम कोर्टाने फिरवलेला निकालही जुन्या खंडात तसाच जाड अक्षरांत उभा असतो. कागदाला काय कळतंय!

प्रश्न : मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांचा 'ओल्गा टेलिस' खटला एका पुस्तकात १९८५ चा आणि दुसऱ्यात १९८६ चा दाखवला आहे. माझ्या उत्तरपत्रिकेत दोन्ही वर्षं आली आणि सरांनी लाल गोल केला. कुणाचं बरोबर? (एक विद्यार्थिनी, लालबाग)

उत्तर : दोन्ही. लाल गोल सरांना परत दे.

निकाल लागला १० जुलै १९८५ ला. पाच न्यायमूर्तींचं पीठ होतं, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, आणि १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथांवरच्या झोपड्या हटवण्याच्या सरकारी निर्णयातून ते प्रकरण उभं राहिलं होतं. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र. आता हा एकच निकाल वेगवेगळ्या प्रकाशकांनी आपापल्या सवडीने छापला. लखनौहून निघणाऱ्या 'सुप्रीम कोर्ट केसेस'ने त्याच वर्षीच्या तिसऱ्या खंडात ५४५ पानावर घेतला, म्हणून (१९८५) ३ एससीसी ५४५. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये तो पुढच्या वर्षीच्या खंडात आला, म्हणून एआयआर १९८६ एससी १८०. म्हणजे आकडा निकालाचा पत्ता नाही, पुस्तकाचा पत्ता आहे. एका माणसाची दोन भाड्याची घरं असावीत तसं.

लखनौ, नागपूर हे वाचून तुला गंमत वाटली असेल. आम्हालाही वाटायची. मुंबईच्या हायकोर्टात, कुलाब्याच्या वाऱ्यात उभे राहून वकील जो निकाल वाचून दाखवतात तो कित्येकदा नागपूरहून पार्सलने आलेला असतो. 'महाराष्ट्र लॉ जर्नल'सुद्धा नागपूरचंच. मुंबईचं आपलं जुनं म्हणजे 'बॉम्बे लॉ रिपोर्टर', १८९९ साली सुरू झालेलं. काढलं कुणी? तुझ्या फौजदारी कायद्याच्या पुस्तकावर ज्या जोडीचं नाव आहे त्या रतनलाल आणि धीरजलाल यांनीच.

सरकारी रिपोर्ट त्याआधीपासून होते. १८७५ च्या कायद्याने सरकारने 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' सुरू केले. अधिकृत सोडून दुसऱ्या कुठल्याही रिपोर्टातला निकाल ऐकून घ्यायला न्यायालय बांधील नाही, असंही त्या कायद्यात आहे. तरी खासगी जर्नलं फोफावली, कारण सरकारी अंक यायचा सावकाश आणि अशिलाची तारीख असायची उद्या. आमच्या धंद्याचा पायाच हा होता, घाई. बार रूममध्ये, म्हणजे हायकोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, कुणी 'आज अमक्या कोर्टात चांगला निकाल लागला' असं म्हटलं की आमचा माणूस चहा टाकून प्रत मिळवायला पळायचा.

आता मात्र या पुस्तकांच्या पत्त्याची गरज हळूहळू उरणार नाही. २०२३ पासून सुप्रीम कोर्टाने आणि आपल्या हायकोर्टाने निकालाला स्वतःचाच क्रमांक द्यायला सुरुवात केली. मुंबईच्या निकालावर वर्ष, मग बीएचसी म्हणजे बॉम्बे हायकोर्ट, मग एएस किंवा ओएस अशी अक्षरं आणि आकडा दिसेल. एएस म्हणजे अपील शाखा, ओएस म्हणजे मूळ शाखा. नागपूर, औरंगाबाद, गोव्याची अक्षरं वेगळी. हा क्रमांक कुठल्याही प्रकाशकाचा नाही. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने आपले जुने निकाल ई-एससीआर नावाने फुकट खुले केले. परीक्षेत तो क्रमांक लिही, आणि सोबत एससीसी किंवा एआयआरमधला एक. तीन-तीन लिहून पान भरू नको, मार्क तेवढेच.

प्रश्न : फोनवरच्या एआयने मला माझ्या बाजूचे तीन निकाल काढून दिले, नावं-आकड्यांसकट. माझे वकील म्हणतात यातला एकही सापडत नाही. ते शोधायचा आळस करत आहेत का? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : नाही. ते निकाल नसतीलच. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असेच यंत्राने रचलेले निकाल न्यायालयात दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. आकडा दिसला म्हणजे पान असतंच असं नाही. वकिलांची माफी मागा.

प्रश्न : माझ्या घटस्फोटाचं अपील हायकोर्टात गेलं होतं. निकाल लागून सहा वर्षं झाली. आता ऑफिसात कुणीतरी माझं नाव इंटरनेटवर टाकलं आणि तो पूर्ण निकाल निघाला. नवऱ्याने माझ्यावर केलेले आरोपसुद्धा. एका जर्नलमध्येही तो छापला आहे म्हणे. हे असं छापायला परवानगी असते? (नाव नको, ठाणे)

उत्तर : हे पत्र मी तीनदा वाचलं, कारण अशा निकालांवर मी कित्येकदा 'छापा' असा शेरा मारला आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या २२व्या कलमात स्पष्ट आहे. या कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि तिच्याबद्दल काहीही छापणं बेकायदेशीर. अपवाद एकच, हायकोर्टाचा किंवा सुप्रीम कोर्टाचा निकाल, तोही त्या न्यायालयाची आधी परवानगी घेऊन. नियम मोडला तर दंड हजार रुपयांपर्यंत, १९५५ चे हजार. प्रत्यक्षात काय होतं? निकाल न्यायालयाच्या वेबसाइटवर येतो आणि तिथे आला म्हणजे परवानगी आलीच, असं सगळे धरून चालतात. आमच्या कचेरीतही त्या परवानगीचा कागद मी कधी पाहिला नाही. तेव्हा विचारायला हवं होतं.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव छापणं हा सरळ गुन्हाच आहे. तिथे आम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचो. घटस्फोटात तेवढी भीती नव्हती म्हणून तेवढी काळजी नव्हती, हे खरं. मला विचाराल तर क्रूरता कशाला म्हणायचं हा मुद्दा समजायला बाईचं आडनाव लागत नाही, 'अ' विरुद्ध 'ब' पुरतं.

करता काय येईल? वकिलांमार्फत हायकोर्टातच अर्ज करून नाव झाकून घेण्याची, आद्याक्षरं घालण्याची विनंती करता येते. न्यायालयाने आदेश दिला की तो जर्नलला आणि वेबसाइटला पाठवायचा. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्याचा आधार आहे. पण हमी देत नाही. हायकोर्टांची मतं एक नाहीत, आणि २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने एका वेबसाइटला निकाल काढून टाकायला सांगितलं तेव्हा सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. छापील खंडातलं नाव तर आता कुणालाच पुसता येणार नाही. सुदैवाने छापील खंड तुमच्या ऑफिसातलं कुणी उघडणार नाही.

हे लिहिताना रखमाबाई आठवल्या. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा केला तेव्हा १८८५ साली त्यांनी वर्तमानपत्राला पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने. स्वतःचं नाव त्यांनी झाकलं होतं. सरकारी 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'ने ते छापलं, मुंबई मालिकेचा नववा खंड, पान ५२९, दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. आजही त्याच नावाने शिकवतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. भाडेकरूंच्या उपयोगाचे शंभर निकाल मराठीत आणून पुस्तक काढायचं म्हणतो. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, जर्नलवाले कोर्टात खेचतील. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : काय उचलता त्यावर आहे. न्यायालयाचा मजकूर तुमचा, माझा, सगळ्यांचा. कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम तसं सांगतं. न्यायालयानेच मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. याच मुद्द्यावर लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनी या प्रकाशकाने निकालांच्या सीडी विकणाऱ्यांवर दावा केला होता. डिसेंबर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की निकालावर प्रकाशकाची मालकी नाही. हेडनोट, तळटीपा, संपादकीय टिप्पण्या मात्र त्याच्या. शिवाय लांबलचक निकालाचे परिच्छेद पाडणं, त्यांना आकडे देणं, कुठल्या न्यायमूर्तींनी सहमती दिली आणि कुणी विरोध केला हे दाखवणं, यातही डोकं लागतं, म्हणून तेही प्रकाशकाचं. स्वल्पविराम दुरुस्त करणं, स्पेलिंग सुधारणं यावर हक्क नाही. तो निकाल आला तेव्हा आमच्या कचेरीत पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण मनात म्हटलं, स्वल्पविरामावर माझी उभी हयात गेली आणि त्याला काहीच किंमत नाही म्हणजे काय!

तेव्हा जर्नलमधून टंकलेखन करून घेऊ नका. न्यायालयाच्या वेबसाइटवरून मूळ प्रत घ्या आणि सार स्वतः लिहा. सुप्रीम कोर्टाच्या आणि मुंबई हायकोर्टाच्या वेबसाइटवर काही निकालांची मराठी भाषांतरंही आहेत, ती आधी पाहा. पण ती समजण्यापुरती. अर्थावर वाद झाला तर इंग्रजी प्रतच धरतात. तुमच्या पुस्तकातही ते पहिल्या पानावर छापा, आणि 'नाही' हा शब्द आला की प्रूफ दोनदा वाचा. हे अनुभवाचे बोल.

प्रश्न : वडील वकील होते. 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'चे साठेक खंड गिरगावच्या खोलीत कपाटात आहेत. इमारत पुनर्विकासाला गेली, महिन्याभरात खोली रिकामी करायची आहे. रद्दीवाला किलोच्या भावाने नेतो म्हणतो. जुने खंड कुणी घेतं का? (एक वाचक, ठाकूरद्वार)

उत्तर : खरं सांगायचं तर फारसं कुणी घेत नाही. सगळं संगणकावर आलं. नव्या लॉ कॉलेजांना विचारा, काहींना भिंतीला कपाटं भरून दाखवायला हवी असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या बार असोसिएशनला पत्र टाकून पाहा. वाळवी लागलेली असेल तर वेगळी काढा, नाहीतर कुणी दारातही घेणार नाही.

एवढं मात्र करा. कपाटात दहावा खंड आहे का पाहा, १९०८ चा. त्यात ८४८ पानावर 'एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक' सुरू होतो. ज्युरीतल्या सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळं पाणी दिलं. याच दावरांनी अकरा वर्षांपूर्वी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. आज हायकोर्टात ४६ नंबरच्या कोर्टाबाहेर टिळकांचे शब्द संगमरवरावर कोरलेले आहेत, तिथे लोक थांबून वाचतात.

तो खंड असेल तर रद्दीवाल्याला सांगा, हा सोडून बाकीचे तोल. मी ठाकूरद्वारपासून दहा मिनिटांवर राहते. संध्याकाळी सहानंतर घरीच असते, पिशवी घेऊन येईन.